कळवतो

कुंपणाला टेकून पाटी उभी आहे: विकले.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, कराराच्या अधीन.
मोठी अक्षरं रस्त्यासाठी,
बारीक माझ्यासाठी.

चौदा मार्चला कॅलम हेस्केथनं होकार दिला.
दोनदा येऊन गेला होता. दुसऱ्यांदा आईला घेऊन.
तिनं बाथरूमचे नळ एकेक करून उघडले,
मुलीला जरा चालून दाखव म्हणावं तसे.
तो मात्र बैठकीच्या कोनाड्यापाशी गुडघे टेकून बसला,
टेप ओढली, काहीतरी पुटपुटला,
आणि कानामागची पेन्सिल काढून
भिंतीवर रेघ मारली. विचारलंसुद्धा नाही.
"पियानो बसेल," म्हणाला.
मला ती रेघ आवडली.
भिंतीवर रेघ मारणारा माणूस
येतोच, असं वाटलं.

मग एप्रिल. मग मे.
त्याच्या वकिलानं माझ्या वकिलाला विचारलं,
मागचं कुंपण कुणाच्या मालकीचं?
मी तीन पानं उत्तर लिहिलं,
मुकुंदनं ते कुठल्या वादळानंतर, कुठल्या लाकडाचं,
किती शिव्या देत उभारलं, त्यासकट.
(शिव्या वकिलानं गाळल्या.)
तिकडून चकार शब्द नाही.

निकोला, आमची एजंट, दर मंगळवारी गोड आवाजात सांगते,
"मी मागे लागलेय त्यांच्या. समजलं की कळवते."
हा शब्द मी ओळखते.
मिरजेला, मी बावीस वर्षांची असताना,
इचलकरंजीहून तिघं आले होते. शिरा दोनदा घेतला,
माझं अक्षर पाहिलं, उंची पाहिली,
आणि जिन्यावरून चपला शोधत म्हणाले, कळवतो.
चार महिने बाबा पोस्टमनच्या सायकलची घंटा
गल्लीच्या तोंडाशीच ओळखायचे.
'नाही' म्हणायला लोकांची जीभ जड होते.
ते वजन मग दुसऱ्याच्या घरी पडून राहतं.

तोवर मी इथं, स्टॉकपोर्टमध्ये, खोक्यांच्या गल्लीत राहते.
कुकर खोका क्रमांक अकरात,
त्याची शिट्टी कुठल्या खोक्यात, देव जाणे.
शेजारच्या मॉरीननं निरोपाचं कार्ड दिलं, केक कापला,
डोळेही पुसले.
आता मी कचऱ्याचा डबा घेऊन बाहेर आले की दचकते,
तेराव्याला पोचलेल्या मयतासारखी मी.
ब्रिस्टलहून ऋता म्हणते, "आई, मेला की काय तो?"
असं बोलू नये, मी म्हणते,
आणि रात्रभर तेच धरून बसते.
बँकेनं कर्ज नाकारलं असेल.
नोकरी गेली असेल. पियानो विकला असेल.
किंवा काहीच झालं नसेल,
नाव दिसलं की फोन पालथा ठेवत असेल, बस.

जूनमध्ये निकोलाला मीच फोन केला.
म्हटलं, शुक्रवार, संध्याकाळचे पाच.
त्यानंतर घर पुन्हा बाजारात.
हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं
नाव नसलेल्या बाटल्या वॉर्डात परत पाठवताना
जो आवाज लावायचे, तोच लागला.

शुक्रवारी पाच वाजले.
सव्वापाचही.
आइस्क्रीमची गाडी आपली धून वाजवत गेली.
मी ओलं फडकं घेऊन कोनाड्यापाशी बसले,
खोडरबर अर्थातच खोक्यात.
रेघ पसरली, राखाडी झाली,
गेली नाही.

शनिवारी अकराला एक बाई आली. एकटीच,
बसचालकाच्या गणवेशात, ड्यूटी संपवून.
नळ उघडले नाहीत तिनं.
त्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय?"
"पियानोची उंची."
"तुमच्याकडे पियानो होता?"
"नाही. यायचा होता."

जाताना ती उंबऱ्यावर थांबली,
आणि मी मनात म्हणत होते,
महाग म्हण, ओल आहे म्हण, सरळ नको म्हण बाई,
फक्त तो शब्द—
तिनं विचारलं, स्टेशनला जवळचा रस्ता कुठला?
माझ्या चपला खोका क्रमांक चारमध्ये.
मुकुंदचे बागेतले बूट घालून
मी फाटकापर्यंत गेले,
पाटीच्या पलीकडे हात करून दाखवलं.